केरबानं राखलेली गाडी

एका गावात एक भोळा केरबा होता. गावाचं नाव कुसरवाडी. तसे भोळे लोक गावोगाव असतात, त्यात काही नवल नाही. पण केरबाची तऱ्हाच निराळी. त्याला कुणी काही सांगितलं की तो मनापासून ऐकायचा, मनापासून लक्षात ठेवायचा आणि मनापासून भलत्याच ठिकाणी वापरायचा. आळशी नव्हता, लबाड नव्हता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सांगितलं तेवढं करायचा. घोळ तिथंच व्हायचा.

त्याची बायको शेवंता मात्र मोठी हुशार. तिचं माहेर वर डोंगरावर. तिथवर पायवाट जाते, गाडीरस्ता नाही. तिचा धाकटा भाऊ उत्तम फौजेत होता. त्याचं लग्न ठरलं आणि त्या आनंदात पठ्ठ्यानं एक जुनी, पण ठणठणीत पांढरी गाडी घेतली. "नवरी गाडीतनं आणणार," असं सासरच्यांना सांगूनही बसला. आता गाडी घेतली खरी, पण ठेवायची कुठं? लग्नाला महिना होता आणि रजा संपत आलेली. डोंगरावर गाडी चढत नाही. शेवटी ठरलं, कुसरवाडीत बहिणीच्या अंगणात ठेवायची.

त्या साली आसपासच्या गावांतनं गाड्या पटापट चोरीला जात होत्या. शेजारच्या गावातली जीप गेली, पलीकडच्या गावातला टेम्पो गेला. शेवंताचा थोरला भाऊ दत्तोबा हे ऐकून होता. तो माहेरच्या घरी सगळ्यांसमोर म्हणाला, "केरबाच्या हवाली गाडी? त्यापरास चोराच्याच दारात नेऊन लाव की. तेवढीच त्याची पायपीट वाचंल."

सगळे हसले. शेवंता नाही हसली. तिच्या काळजाला लागलं. ती ताडकन म्हणाली, "माझं धनी राखतील गाडी. गाडीला काय झालं, तर पुन्यांदा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवायची न्हाई मी."

केरबा दाराशी उभा होता. त्यानं ते ऐकलं. आजवर बायकोनं त्याच्यासाठी एवढा मोठा शब्द कधी दिला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं मनाशी ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, पण गाडी राखायची. शेवंताची मान खाली जाऊ द्यायची नाही.

उत्तमनं गाडी आणून अंगणात लावली. मागच्या चाकामागं धोंडा लावला. केरबाच्या हातात गाडीची एक चावी, एक जाडजूड साखळी आणि मोठं कुलूप दिलं आणि सांगितलं, "दाजी, गाडीच्या पुढं खाली ही कडी हाय बघा. हिच्यात साखळी ओवायची आणि रोज रात्री कुलूप घालायचं. साखळीचं दुसरं टोक असं कशाला तरी बांधा, जे जागचं हलत न्हाई."

"जागचं हलत न्हाई असं?"

"व्हय. काय बी झालं तरी हलता कामा नये."

"हाय की माझ्याकडं!" केरबा म्हणाला.

उत्तम निर्धास्त होऊन गेला. जाताना म्हणाला, "लग्नाच्या आदल्या दिवशी येतो."

आता केरबाच्या घरात जागचं न हलणारं असं काय होतं? त्याचा बैल गुलब्या. गुलब्या एकदा बसला की बसला. नांगरताना निम्म्या वावरात बसायचा, ओढ्याच्या मधोमध बसायचा. शेवंता रोज सकाळी त्याच्या नावानं बोटं मोडायची, "हा मेला जागचा हलंल तर शपथ!" केरबानं ते हजारदा ऐकलं होतं. बायको खोटं कशाला बोलेल? त्यानं साखळीचं एक टोक गाडीच्या कडीत घातलं, दुसरं गुलब्याच्या गळ्यात घातलं, कुलूप लावलं आणि समाधानानं झोपला.

गुलब्या सगळ्या जगाला दाद देत नसे, पण पेंडीच्या बादलीला देत असे. सकाळी शेवंता बादली घेऊन परसात निघाली. बादलीची कडी वाजली. गुलब्या उठला आणि बादलीच्या मागं चालू लागला. गाडी गुलब्याच्या मागं चालू लागली. चाकामागं धोंडा होता, पण गुलब्या पुढं निघाला होता. अंगणाला उतार. शेवंतानं वळून बघितलं तर बैल येतोय आणि बैलामागनं भावाची गाडी येतेय! ती किंचाळली, बैल बिचकला, बाजूला झाला, आणि गाडी सरळ जाऊन उकिरड्यात घुसली. नाक आत, शेपूट बाहेर.

आठ माणसं लागली बाहेर काढायला. सुदैवानं गाडीला काही झालं नाही, पण वास चार दिवस गेला नाही. शेवंता गाडी धूत धूत म्हणाली, "अवो, बैलाला कुणी गाडी बांधतं का? जित्या वस्तूला साखळी घालायची नसती. एवढं ध्यानात ठेवा."

"असं व्हय? आधी सांगायचं न्हाई का!" केरबा म्हणाला. "आता न्हाई चुकणार."

आणि चुकला नाही हो. त्या संध्याकाळी त्यानं दोन्ही बैल मोकळे सोडले. जित्या वस्तूला साखळी घालायची नसते ना! बैल रात्रभर पोलीस पाटलाच्या भुईमुगात होते. सकाळी पोलीस पाटील दारात उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड भुईमुगाच्या शेंगेएवढं झालं होतं. शेवंतानं त्याचे पाय धरले, माफी मागितली, मग नवऱ्याकडं वळली.

"बैल का न्हाई बांधलं?"

"जिती वस्तू."

"देवा रे! बैल बांधायचं. गाडी बी बांधायची. बैल दावणीला, गाडी झाडाला!" असं म्हणून तिनं स्वतःच साखळी नेऊन अंगणातल्या कवठाच्या झाडाला घातली.

केरबानं झाडाच्या बुंध्यावर हात फिरवला. "झाड बी जितंच असतंय," तो हळूच म्हणाला.

"ते चालतंय!"

"बरं."

उकिरड्यातनं निघालेली गाडी एकदा कुणाला तरी दाखवावी म्हणून शेवंतानं बाजारगावच्या दिलावर मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री भला माणूस. त्यानं गाडी तपासली, चालू करून बघितली, मग चोऱ्यांच्या गोष्टी निघाल्या. मिस्त्री म्हणाला, "केरबाभाऊ, चोराला अडवायला लई मोठं यंत्र लागत न्हाई. त्याला उशीर झाला पायजे, बस्स." त्यानं एक लोखंडी दांडा काढून दिला. "हा स्टेअरिंगमध्ये असा आडवा अडकवायचा न् कुलूप लावायचं. ओढाळ जनावराच्या गळ्यात आपण लोढणं बांधतो का न्हाई, तसंच हे. गाडी सोडून कुठं जाशील तवा लावायचं."

"आन् सोडून गेलोच न्हाई तर?"

"तर मग कशाला लावायचं? तू हायेस की बसलेला."

केरबानं मान डोलावली. त्या दिवसापासून तो गाडी सोडून कुठं जाईना. गाडीच्या शेजारी घोंगडं टाकून बसायचा. तिथंच जेवायचा, तिथंच झोपायचा. त्यामुळं दांडा लावायची वेळच आली नाही.

मिस्त्रीनं आणखी एक युक्ती सांगितली. बॉनेट उघडलं आणि वीतभर काळी वायर काढून हातात दिली. "ही कॉइलची वायर. ही नसली की अख्खी गाडी नुसतं लोखंड. घरात नेऊन ठेव. आणि कुठं ठेवलीय ते कुणाला कळू देऊ नको."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

शेवंतानं वायर केरबाच्या हातनं काढून घेतली आणि चुलीमागच्या फडताळात हळदीच्या डब्यात ठेवली. तिनं ते बरोबर केलं. केरबाला मात्र हुरहूर लागून राहिली. कुणालाच कळायला नको म्हणाले होते मिस्त्री, आणि इथं तर दोघांना माहीत!

दोन दिवसांनी पाहुणे आले. म्हणजे उत्तमचे होणारे सासरे, तातोबा. लग्नाच्या तयारीचं बोलायला फटफटीवर आले होते. शेवंतानं पुरणपोळीचा बेत केला. तातोबा आडवा हात मारून जेवले आणि माजघरात लवंडले. बाहेर केरबा फटफटीकडं बघत होता. पाहुण्यांची गाडी. भर रस्त्याच्या कडेला. ना साखळी, ना दांडा, ना झाड. चोरानं नेली म्हणजे? उत्तमचं लग्न मोडलं म्हणजे?

त्यानं फटफटीचा प्लग काढला. मिस्त्रीचे शब्द आठवले, कुणालाच कळायला नको. आता शेवंताला तर कळणार नव्हतं, पण स्वतःला? त्यानं विचार केला. मग डोळे गच्च मिटले, आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारख्या सात गिरक्या घेतल्या, परसभर धडपडत फिरला, हाताला लागेल तिथं प्लग ठेवला, परत सात गिरक्या घेतल्या आणि गाडीजवळ येऊन पडला. चक्कर आली होती, पण काम फक्कड झालं होतं.

संध्याकाळी तातोबा निघाले. किक मारली. मारली. मारली. घामाघूम झाले.

"काळजी करू नका," केरबा म्हणाला. "प्लग मी काढून ठेवलाय. चोराच्या बापाला सापडणार न्हाई."

"बरं केलंत. आणा आता."

"मला बी सापडणार न्हाई."

तातोबांना आधी वाटलं, जावयाच्या घरची चेष्टामस्करी. मग केरबाचा चेहरा बघितला आणि ते मटकन ओट्यावर बसले. सगळी वाडी प्लग शोधत होती. पोत्यांत बघितलं, कडब्यात बघितलं, आडात गळ टाकून बघितला. तातोबा दोन रात्री राहिले. केरबाचं धोतर नेसून ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडं करुण नजरेनं बघायचे. तिसऱ्या दिवशी प्लग सापडला. खुडूक कोंबडी त्याच्यावर बसली होती. अंडं समजून जपत होती बिचारी. ती उठायला तयार होईना.

प्लग बसवला तरी फटफटी रुसलेलीच. मग शेवंतानं चौघांना हाका मारल्या, सगळ्यांनी धक्का मारला, तेव्हा कुठं ती फुर्रर्र झाली. तातोबांनी मागं वळून बघितलं नाही.

धूळ खाली बसल्यावर शेवंता म्हणाली, "हे बघा, आता शांतपणी ऐका. एक, वस्तू कुठं ठेवली ते लिहून ठेवावं माणसानं. म्हंजे ऐनवेळी सापडती. आणि दुसरं, पाव्हण्याला कधी अडकवून ठेवायचं न्हाई. त्याला काय लागंल ते द्यायचं, चहापाणी करायचं, आणि गाडी चालू होत नसली तर चार माणसं बोलावून हसतमुखानं धक्का मारायचा. आलं ध्यानात?"

"आलं. लिहायचं, द्यायचं, धक्का मारायचा."

"शाणं माझं धनी ते!" शेवंता म्हणाली. तिचा राग फार वेळ टिकत नसे. आणि खरं सांगायचं तर गाडी अजून अंगणात उभी होती, त्याचंच तिला केवढं अप्रूप होतं. रोज सकाळी उठली की आधी ती गाडी बघायची, मग देव बघायची.

लग्न आठ दिवसांवर आलं. तेवढ्यात आणखी एका गावातली गाडी गेली. जगदाळे हवालदार चौकशीला फिरत फिरत कुसरवाडीत आले. चहा पिता पिता केरबानं विचारलं, "साहेब, चोर वळखायचा कसा?"

हवालदारांना असा प्रश्न विचारणारा आजवर कुणी भेटला नव्हता. ते खूश झाले. बोटं मोजत म्हणाले, "चार खुणा हायेत. चोर येतो तो पावलं न वाजवता येतो, ही एक. चारी बाजूंना बघत येतो, ही दोन. लई घाईत असतो, ही तीन. आणि त्याच्याकडं गाडीची दुसरी चावी असते, ही चार. चार खुणा जुळल्या की समजायचं, हाच चोर. मग तो कितीबी वळखीचा असू दे, गय करायची न्हाई. धरायचा, कोंडायचा न् मला निरोप धाडायचा."

"लई वळखीचा असला तरी?"

"अरे, मी असलो तरी!"

"आन् खुणा जुळल्या न्हाईत तर?"

"तर तो चोर न्हवं. उगं गरिबाला तरास द्यायचा न्हाई." हवालदारांनी कप खाली ठेवला. "आणि एक पाटी लाव. चोर पाटीला बिचकतो. 'गाडी बंद आहे' म्हणून लिहायचं. बंद गाडीकडं तो ढुंकून बघत न्हाई."

केरबानं हे सगळं मनात कोरून ठेवलं.

लग्नाला तीन दिवस राहिले, तशी शेवंता हळदीच्या तयारीला माहेरी निघाली. निघताना दहादा बजावलं, "लग्नाचं पाव्हणंरावळं येतील जातील, त्यांचं नीट करा. गाडीजवळनं हलू नका. उत्तम आदल्या दिशी येणार हाय. येईल तो सरळ वर, हळदीला. मग आम्ही सगळी खाली येऊ न् गाडी घेऊन नवरीकडं जाऊ. एवढे तीन दिस निभावून न्या, धनी. दत्तूदादाचं तोंड बंद करायचंय मला."

"तू बिनघोर जा," केरबा म्हणाला. त्याचा ऊर भरून आला होता.

ती गेल्यावर त्यानं पहिलं काम पाटीचं केलं. एक पत्रा घेतला, चुना कालवला. नुसतं 'गाडी बंद आहे' लिहिलं तर चोराला खोटं वाटेल, असं त्याला वाटलं. कारण दिलं पाहिजे. शिवाय वस्तू कुठं ठेवली ते लिहून ठेवावं, असं शेवंतानंही सांगितलं होतं. केरबा चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर मोठं झोकदार. त्यानं लिहिलं:

'ही गाडी बंद आहे. हिची वायर काढून चुलीमागच्या फडताळात हळदीच्या डब्यात ठेवली आहे. चावी केरबाजवळ आहे. चोरांनी उगीच हेलपाटा घालू नये.'

पाटी रस्त्याकडं तोंड करून टांगली. दोन दिवस येणारेजाणारे थांबून वाचत होते आणि हसत हसत जात होते. केरबाला वाटलं, पाटी लोकांना आवडली. एक निळा टेम्पो मात्र पुढं गेला, थांबला, मागं आला, पाटीपाशी उभा राहिला आणि मग निघून गेला. केरबानं त्यांना हात केला. त्यांनीही केला.

लग्नाचा आदला दिवस उजाडला. म्हणजे नीट उजाडलंही नव्हतं, नुसतं फटफटत होतं. केरबा घोंगडं पांघरून कवठाच्या बुंध्याशी बसला होता. तेवढ्यात अंगणाच्या कडेनं कुणीतरी आलं. बूट काढून हातात घेतले होते. पावलं वाजत नव्हती. एक! त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मागं बघितलं. दोन! केरबानं दुसरं बोट मुडपलं. तो लगालगा गाडीपाशी आला आणि खिशातनं काहीतरी काढलं.

केरबा उठून उभा राहिला. बघतो तर उत्तम!

"दाजी, जागं हायसा व्हय?" उत्तम कुजबुजला. "झोपमोड नको म्हणून गपचिप आलो. कुत्रं बित्रं हाय का बघत होतो."

"घाईत हायसा का?" केरबानं विचारलं.

"लई घाईत! यष्टीला उशीर झाला, सकाळी सकाळी वर पोचायचंय. म्हटलं गाडी चालू होती का बघून जावं."

तीन. केरबानं तिसरं बोट मुडपलं. "उत्तमराव, खरं सांगा. तुमच्याकडं दुसरी चावी हाय का?"

"हाय की. ही काय!"

चार.

बायकोचा सख्खा भाऊ! हिला काय वाटेल? माहेरात ही तोंड कसं दाखवेल? पण हवालदारांनी बजावलं होतं, कितीबी ओळखीचा असला तरी गय करायची नाही. त्यानं काळजावर दगड ठेवला.

"उत्तमराव, जरा कडब्याच्या खोलीत चला. एक गंमत दाखवतो."

उत्तम आत गेला. केरबानं बाहेरनं दार लोटलं. दाराला कुलूप नव्हतं, म्हणून गाडीची साखळी झाडावरनं सोडली, दाराच्या कड्यांत ओवली, तेच मोठं कुलूप लावलं. दारावर बाहेरनं तो लोखंडी दांडाही आडवा अडकवला. दांडा एकदाचा कामाला आला.

"दाजी! ओ दाजी! ह्यो काय चावटपणा?"

"चार खुणा जुळल्या, उत्तमराव," केरबा दाराला तोंड लावून म्हणाला. "माझा इलाज न्हाई. तुम्ही असं निघाल असं वाटलं नव्हतं."

शेजारचा भिवा रानात निघाला होता. त्याच्याजवळ केरबानं हवालदारांना निरोप धाडला, चोर धरलाय, लवकर या.

ऊन वर आलं. आणि पीं पीं पीं करत निळा टेम्पो अंगणात येऊन थांबला. तिघंजण उतरले. धाडधाड पावलं वाजवत, हसत खिदळत आले. एकानं पाटी मोठ्यानं वाचली. दुसऱ्यानं परत वाचली. केरबा खूश झाला.

"राम राम!" ते म्हणाले. इकडंतिकडं कुठं बघितलं नाही, सरळ केरबाकडं बघितलं.

"या, बसा. घाईत न्हाई ना?"

"कसली घाई? दिवस आपलाच हाय."

केरबानं चहा केला. पाहुण्यांनी दोन दोन कप घेतले. बोलता बोलता लग्नाचा विषय निघाला, ह्याच गाडीतनं नवरी आणायची, हेही केरबानं सांगितलं. तसा त्यांतला म्होरक्या म्हणाला, "मग गाडी सजवायला नको? आम्ही तेच करतो. फुलं, हार, झिरमिळ्या. तासाभरात नटवून आणतो की."

केरबाला ते एकदम पटलं. पण तो काही दूधखुळा नव्हता. हवालदारांचा चेला होता. त्यानं डोळे बारीक करून विचारलं, "तुमच्याकडं गाडीची दुसरी चावी हाय का?"

"दुसरी? आमच्याकडं पहिली बी न्हाई!"

चारातली एकही खूण जुळली नाही. "मग ही घ्या," केरबा म्हणाला आणि कमरेची चावी सोडून दिली. फडताळातनं हळदीचा डबा आणला, वायर पुसून हातावर ठेवली.

तेवढ्यात कडब्याच्या खोलीतनं आरोळी आली, "दाजी! कुणाला चावी देताय? चोर हायेत ते! चोर!"

तिघांचे चेहरे खर्रकन उतरले. "आत कोण हाय?"

"चोर हाय," केरबा म्हणाला. "गाडीचा चोर. पहाटंच धरला."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. म्होरक्यानं घाम पुसला. "लई झाक काम केलं बघा. ह्या चोरांनी नुसता उच्छाद मांडलाय."

"आन् बघा ना, तुम्हालाच चोर म्हणतोय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!"

वायर बसली, चावी फिरली, पण गाडी महिनाभर उभी होती. नुसती खोकली आणि गप्प झाली. पाहुण्यांचं तोंड पडलं. केरबानं मात्र हसतमुखानं बाह्या सरसावल्या. सगळी आळी गोळा केली. वीस माणसांनी "हैय्या हो" करून धक्का मारला. आतनं उत्तम दारावर लाथा मारत होता, त्यामुळं ताल चांगला धरला गेला. वेशीपाशी गाडी चालू झाली. पाहुण्यांनी काच खाली करून हात हलवला.

"सावकाश जावा!" केरबा ओरडला. "आन् उद्या लग्नाला यायचं बरं का!"

दुपारी डोंगर उतरून सगळं माहेर खाली आलं. उत्तम हळदीला पोचलाच नव्हता, म्हणून सगळे हवालदिल. पुढं शेवंता, मागं दत्तोबा, मागं मामे, आत्या, वाजंत्री. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं जगदाळे हवालदारही आले.

"शाब्बास केरबा!" ते लांबूनच ओरडले. "कुठाय चोर?"

शेवंताचं लक्ष चोराकडं नव्हतं. ती कवठाच्या झाडाखाली रिकाम्या जागेकडं बघत होती. "धनी, गाडी कुठाय?"

"पाव्हणं घेऊन गेले. सजवायला. धक्का मारून धाडली बघ, तू म्हणाली तसं."

"कुठलं पाव्हणं?"

"नाव न्हाई विचारलं. अडकवून कशाला ठेवायचं? पण माणसं सोन्यासारखी. तासात येतो म्हणालं हुतं. चार तास झालं."

शेवंतानं पाटी वाचली. दत्तोबानंही वाचली. आजवर दिलेला एकुलता एक शब्द होता तिचा, आणि तो वीस माणसांनी वेशीबाहेर ढकलून दिला होता. ती जागच्या जागी खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

बायको रडायला लागलेली बघून केरबाचा जीव कळवळला. त्यानं घाईघाईनं कुलूप काढलं, दांडा काढला, दार उघडलं. आतनं फौजी कपड्यातला उत्तम बाहेर आला. डोक्यावर कडबा, कानात कडबा, ओरडून ओरडून घसा बसलेला. "अगं बया, ह्यो तर आपला नवरदेव!" आत्या ओरडली. हवालदारांनी कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, "अरे, सोडा त्यास्नी! नवरदेव हाय त्यो!"

तसा केरबा धावत जाऊन उत्तमला कवेत घेऊन उभा राहिला आणि हवालदारांपुढं गयावया करत म्हणाला, "पाया पडतो साहेब, ह्यास्नी सोडू नका! गाडी तर गेलीच. आता चोरबी हातचा गेला, तर हिच्या माहेरच्यांना मी दाखवू काय?"